समुद्रात कुजताना नत्र आधी जातं

प्रश्न : कंपोस्ट लावताना आम्ही कर्ब-नत्र गुणोत्तर ३० च्या आसपास ठेवतो. समुद्रात मेलेलं प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) कुजतं, तिथेही असं काही प्रमाण असतं का? आणि ते सगळ्या समुद्रांत सारखंच असतं का?

उत्तर : प्रमाण आहे, पण सगळीकडे सारखं नाही. पाठ्यपुस्तकात कर्ब : नत्र : स्फुरद यांचं १०६:१६:१ हे रेडफील्ड गुणोत्तर असतं. ती अणूंची सरासरी आहे. कंपोस्टचं गुणोत्तर वजनाचं असतं, त्यामुळे दोन्ही थेट ताडू नका. अणूंमध्ये ६.६ असलेलं कर्ब-नत्र गुणोत्तर वजनात ५.७ भरतं.

प्लवक आणि तरंगत्या सेंद्रिय कणांच्या मोजमापांचं संकलन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. उष्ण कटिबंधाजवळच्या उपाशी (पोषकं फारच कमी असलेल्या) पाण्यात, म्हणजे महासागरांच्या मोठ्या चक्राकार प्रवाहांच्या मध्यभागी, १९५:२८:१ आढळलं. पोषक पाणी खालून वर येतं अशा उबदार भागात १३७:१८:१, तर ध्रुवांकडच्या थंड, सकस पाण्यात ७८:१३:१. उपाशी पाण्यात प्रोक्लोरोकॉकससारखे सूक्ष्म नील-हरित जिवाणू जास्त असतात. ते पेशीपटलातल्या फॉस्फोलिपिडच्या (स्फुरदयुक्त मेदाच्या) जागी गंधकयुक्त मेद वापरून स्फुरद वाचवतात. थंड पाण्यातले डायटम (सिलिकाचं कवच असलेली सूक्ष्म शैवालं) सढळ हाताने स्फुरद घेतात.

हे झालं जिवंत आणि नुकत्याच मेलेल्या मालाचं. कुजायला लागल्यावर आकडे हलतात, तेही तुमच्या खड्ड्याच्या उलट दिशेने. खड्ड्यातल्या पालापाचोळ्यात नत्र कमी असतं, म्हणून जिवाणू ते धरून ठेवतात, कर्ब वायू होऊन उडतो आणि गुणोत्तर ३० वरून २० च्या खाली येतं. प्लवकात नत्र मुळातच भरपूर, त्यामुळे जिवाणू जास्तीचं अमोनियम पाण्यात सोडून देतात. न्यूक्लिक आम्लं आणि प्रथिनं आधी फुटतात, म्हणून स्फुरद आणि नत्र लवकर सुटतात आणि मागे चिवट कर्ब उरतो. खाली बुडणाऱ्या कणांचं कर्ब-नत्र गुणोत्तर खोलीबरोबर वाढतं ते यामुळेच. १०० मीटरवरून निघालेल्या कर्बापैकी १००० मीटरपर्यंत साधारण १४ टक्केच पोचतो, हे पॅसिफिकमधल्या मोजमापांवरून १९८७ मध्ये मांडलेलं सूत्र. जागेनुसार हाही आकडा बदलतो.

प्रश्न : अरबी समुद्राच्या मधल्या थरात नायट्रेट आणि फॉस्फेटचं प्रमाण १६ पेक्षा बरंच कमी का येतं?

उत्तर : सुमारे १५० ते १००० मीटर खोलीत तिथे प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो. मग जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात. रेडफील्ड प्रमाणाचा माल पूर्ण कुजायला स्फुरदाच्या एका अणूमागे नायट्रेटचे सुमारे ९४ रेणू खर्च होतात. ते नत्र वायू बनून निसटतं, फॉस्फेट मात्र पाण्यातच जमा होतं. म्हणून १६ चा आकडा खाली घसरतो. पूर्व भूमध्य समुद्रात याच्या उलट, खोल पाण्यात हे प्रमाण २८ च्या आसपास असतं. म्हणूनच केवळ पाण्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटवरून प्लवकाची घडण ठरवू नये.

प्रश्न : खाडीतल्या नमुन्यांत कर्ब-नत्र १४ येतं. मोजण्यात कुठे चुकतंय?

उत्तर : आधी पद्धत तपासा. काचतंतूंचा ०.७ मायक्रॉनचा फिल्टर ४५०° सेल्सियसला चार तास जाळून घ्या, नाहीतर त्यावरचा कर्बही मोजला जातो. २०० मायक्रॉनच्या जाळीतून पाणी गाळून मगच फिल्टर करा. एखादा मोठा प्राणिप्लवक आला तरी आकडा बिघडतो. खाडीचं अर्धा-एक लिटर पाणी पुरतं, खुल्या समुद्राचं चार लिटर तरी घ्या. कमी पाणी घेतलं तर फिल्टरला चिकटलेला विरघळलेला कर्ब भारी पडतो. फिल्टर ६०° ला वाळवा. मग डेसिकेटरमध्ये (झाकणबंद काचपात्रात) तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेत रात्रभर ठेवा, अर्थात फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात). ही पायरी वगळली की शिंपल्यांच्या चुऱ्यातला कार्बोनेट सेंद्रिय कर्बात मिसळतो, आणि १४ येण्याचं हे नेहमीचं कारण आहे. प्रत्येक खेपेला कोरा फिल्टरही मोजा आणि त्याचा आकडा वजा करा. स्फुरदासाठी फिल्टर वेगळा ठेवा.

एवढं करूनही १४ च आलं तर मोजणी बरोबर असू शकते. जमिनीवरच्या झाडपाल्याचं गुणोत्तर २० च्या वर असतं आणि पावसाळ्यात नदी तो खाडीत आणते. पाऊस सरल्यावर भरतीच्या वेळी मुखाबाहेर नमुना घ्या. तिथे ७-८ आलं, तर खाडीतला आकडा झाडपाल्यामुळेच फुगलेला असण्याची शक्यता जास्त.