चौथ्या दिवशी माशी कुठे शिंकते?

प्रश्न : ताई, वय ४३, राहायला दांडिया बाजारात, काम दिवसभर खुर्चीतलं. दिवाळीपासून तीनदा पळायला सुरुवात केली. दर वेळी मोठ्या उत्साहात. चौथ्या-पाचव्या दिवशी नडग्या ठणकायला लागतात, धाप तर पहिल्या दिवसापासूनच लागते, आणि मग जे थांबतं ते थांबतंच. घरचे आता हसतात. बूट जवळजवळ कोरे पडून आहेत. माझ्यात जिद्दच कमी आहे का? चिकाटी आणायची कुठून?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : भाऊ, जिद्द कमी नाही, नको तितकी आहे. तीच नडते आहे.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण पैज लावते. काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळच्या फाटकातून कमाटीबागेत शिरलात आणि शाळेतल्या शंभर मीटरच्या शर्यतीसारखे सुटलात. पुढे विशीतलं एखादं पोरगं पळत असणार, त्याला गाठायचं होतं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा.

मला कसं ठाऊक? ४९व्या वर्षी मीही हेच केलं. मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट, अंगात पंजाबी ड्रेस, आणि त्याच बागेतल्या बँडस्टँडपर्यंत एका दमात. तिथे जी बसले ती वीस मिनिटं उठले नाही. शेंगा विकणाऱ्या बाईंनी पाणी दिलं आणि काळजीने विचारलं, ‘‘कोणी मागे लागलंय का, बेन?’’ बागेतून विश्वामित्री वाहते आणि विश्वामित्रीत मगरी आहेत, त्यामुळे प्रश्न अगदीच गैर नव्हता.

तर पहिली गोष्ट, रोज पळायचं नाही. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. दम लवकर वाढतो, काही आठवड्यांतच फरक कळतो. नडगीचं हाड आणि टाचेमागची शीर यांना मात्र नव्या ओझ्याची सवय व्हायला त्याहून बराच वेळ लागतो. छाती म्हणते चला, नडगी म्हणते थांबा. अशा वेळी नडगीचं ऐकावं.

सुरुवातीला किती पळायचं, तर हसू येईल इतकं थोडं. जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसाने १९९६मध्ये ‘काउच टू फाइव्ह के’, म्हणजे सोफ्यावरून उठून पाच किलोमीटर पळण्यापर्यंत, हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम आखला. आखताना त्याच्या डोळ्यांसमोर त्याची पन्नाशीतली आई होती, म्हणून मला तो जवळचा वाटतो. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं झपझप चालायचं. मग साठ सेकंद पळणं, नव्वद सेकंद चालणं, असं वीस मिनिटं. हिशेब करा, पळणं एकूण आठच मिनिटं होतं. पुढे पळणं वाढतं, चालणं आटतं. पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी मात्र एकदम सलग वीस मिनिटं येतात. मी तिथे अडकले. मागे येऊन चौथा आठवडा पुन्हा केला, मग पाचवा पुन्हा. नवाचे चौदा आठवडे झाले. कुणी दंड केला नाही.

आता वेग. माझ्याकडे घड्याळ-बिड्याळ नाही. पळता पळता एकोणीसचा पाढा म्हणायचा. न तुटता म्हणता आला तर वेग बरोबर, ‘एकोणीस पाचे’ला श्वास अडकला तर हळू करा. (एकोणीसचा येत नसेल तर चौदाचा चालेल.) इतक्या हळू पळताना पहिल्यांदा लाज वाटते, चालणारे आजोबा पुढे निघून जातात. जाऊ देत. नवरात्रात गरबा खेळत असालच. तिथे पहिल्याच ठेक्याला कुणी गरगरत सुटत नाही, म्हणून तर रात्र निघते.

नडगीबद्दल एक सांगते. दोन्ही पायांत, लांबवर पसरलेलं दुखणं असेल तर बहुतेक वेळा ते घाईचं दुखणं. आठवडाभर नुसतं चाला आणि वरच्या हिशेबाने पुन्हा सुरू करा. पण बोटाने दाबल्यावर हाडावर एकाच ठिकाणी कळ येत असेल, साधं चालताना किंवा रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर पळणं बंद, आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं. ब्लडप्रेशर किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तरी आधी डॉक्टर.

राहिली चिकाटी. ती माझ्यातही नाही. माझ्याकडे शेजारच्या वहिनी आहेत. साडेपाचला मी उतरले नाही तर त्या खालून माझ्या नावाने अशी हाक मारतात की सगळी पोळ, म्हणजे आमची गल्ली, जागी होते. त्या हाकेच्या धास्तीने मी पाच-पंचवीसलाच खाली असते. तुम्हीही असा एखादा मोठ्या आवाजाचा माणूस शोधा. बूट, मोजे, किल्ली रात्रीच दाराशी ठेवा. आणि पहाटे मनाला विचारायला जाऊ नका, ते नाहीच म्हणणार.

हिशेब ठेवायला ॲप वगैरे मुलं सांगतात. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडते, तिथेच माझेही मांडते. दुधाचा खाडा पेनने, माझा लाल पेन्सिलीने. एक खाडा माफ. लागोपाठ दोन झाले तर वहिनींना सकाळचा चहा माझ्याकडे. आतापर्यंत चौदा वेळा पाजलाय.

आणि घरच्यांना महिनाभर काही सांगूच नका. ‘फिरायला जातो’ म्हणा. खोटंही नाही, निम्म्याहून जास्त वेळ तुम्ही चालतच असणार आहात. उन्हाळा मात्र जपा. इथल्या मे महिन्यात सातनंतर पळणं हा शहाणपणा नव्हे.

प्रश्न : रविवारी पळून आल्यावर सेव-उसळ चालेल का?
– दुसरे एक वाचक, वडोदरा

उत्तर : चालेल. अर्ध्या तासाच्या पळण्याला आधी काही खायची गरज नाही, फार तर अर्धं केळं. नंतर सेव-उसळ खा, पाव बेताने. फक्त क्रम उलटा करू नका. एका रविवारी दुकान आधी उघडं दिसलं म्हणून मी वरून जास्तीची तरी घेऊन मग पळायला गेले होते. त्या दिवशी बँडस्टँडही गाठला नाही.