प्रश्नोत्तरे : एलईडीचा कोन-तीव्रता आलेख सॉफ्टवेअरमध्ये उतरवताना

प्रश्न : सायकलच्या दिव्यासाठी मी एक भिंग आखत आहे. एलईडीच्या माहितीपत्रकातील कोन-तीव्रता आलेखावरून दर 5 अंशांचे आकडे वाचले, प्रत्येक कोनाला सारखेच किरण सोडून त्यांना तीव्रतेच्या प्रमाणात वजन दिले आणि हे सर्व किरण एकाच बिंदूतून निघतात असे मानून फाईल बनवली. भिंग लावण्याआधीच पडद्यावर मधोमध प्रखर ठिपका दिसतो. शिवाय प्रत्यक्ष नमुन्याचा झोत गणितातल्यापेक्षा बराच पसरट पडला. कुठे चुकले? — एक वाचक, नाशिक

उत्तर : ठिपका आणि पसरट झोत यांची कारणे वेगवेगळी आहेत. ठिपक्याचे कारण घनकोनात, म्हणजे एखादा शंकू अवकाशात किती विस्तार व्यापतो त्या मापात, आहे. आलेखातील तीव्रता कॅन्डेलात, म्हणजे एकक घनकोनामागे किती ल्युमेन (एकूण प्रकाशाचे एकक), या रूपात असते. आणि अक्षाभोवतीच्या 0 ते 10 अंशांच्या शंकूचा घनकोन जेमतेम 0.095 स्टेरेडियन (घनकोनाचे एकक) असताना 80 ते 90 अंशांच्या पट्ट्याचा मात्र 1.09, म्हणजे अकरा पटींहून अधिक असतो. दोन्हीकडे सारखेच किरण सोडल्यामुळे मध्यभागी प्रकाश अवाजवी दाटला. प्रत्येक किरणाच्या वजनाला त्याच्या कोनाच्या साइनने गुणल्यास हा दोष जातो. मात्र ऑप्टिकस्टुडिओ या प्रकाशगणिताच्या सॉफ्टवेअरमधील ‘सोर्स रेडियल’सारखा तयार स्रोत वापरणार असाल, तर त्यात आलेखातील आकडे आहेत तसेच भरावेत, कारण हा गुणाकार तो स्वतः करतो. आकडे बरोबर उतरले की नाही हे पाहण्यासाठी एक सोपी पडताळणी आहे. ज्याची तीव्रता कोनाच्या कोसाइनप्रमाणे घटते, अशा स्रोताचा अक्षावरील आकडा 100 कॅन्डेला असेल, तर एकूण प्रकाश 314 ल्युमेन भरला पाहिजे आणि त्यातला पाऊण हिस्सा 60 अंशांच्या आत पडला पाहिजे. भिंगाला हात लावण्याआधी ही पडताळणी जरूर करावी, असा माझा आग्रह आहे.

झोताचा प्रश्न अधिक खोल आहे. कोन-तीव्रता आलेख दुरून मोजलेला असतो. तेवढ्या अंतरावरून एलईडी बिंदूसारखी भासते, त्यामुळे किरण कोणत्या दिशेला गेला एवढेच आलेख सांगतो, तो चिपच्या (एलईडीतील प्रकाश देणाऱ्या तुकड्याच्या) कोणत्या भागातून निघाला हे सांगत नाही. स्रोताच्या सर्वांत मोठ्या मापाच्या किमान पाचपट अंतर असेल तरच स्रोताला बिंदू मानावे, असा प्रकाशमापनातील रूढ संकेत आहे. आपल्या एलईडीचा घुमट (चिपवरचे पारदर्शक आवरण) 3 मिलिमीटरचा असेल, तर हे अंतर 15 मिलिमीटर होते, आणि सायकलच्या दिव्यातले भिंग बहुधा त्याहून कितीतरी जवळ असते. 1 मिलिमीटर रुंदीची चिप 5 मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगामागे ठेवली, तर निव्वळ चिपच्या रुंदीमुळे झोत सुमारे 11 अंश पसरतो. बिंदू मानलेल्या स्रोतात हा पसारा दिसणारच नाही. आलेखाचे वितरण चिपएवढ्या चौकोनावरून सोडल्यास उत्तर बरेच सुधारते, तरीही त्यात चौकोनाच्या प्रत्येक बिंदूतून प्रकाश सारखाच निघतो असे गृहीत धरलेले असते, आणि घुमटाखालच्या चिपच्या बाबतीत ते पुरते खरे नसते.

म्हणून भिंग जवळ असताना उत्पादकाने दिलेली किरण-फाईल घ्यावी. ती निकट-क्षेत्र मापनातून, म्हणजे एलईडीच्या जवळून केलेल्या मोजणीतून, तयार होते आणि तिच्यात प्रत्येक किरणाचे स्थान व दिशा दोन्ही नोंदलेली असतात. ती वापरताना फाईलचा आरंभबिंदू एलईडीच्या नेमक्या कोणत्या भागाशी जुळतो हे सोबतच्या टिपणात पाहावे, आणि किरण आपल्या भिंगाच्या काचेच्या आतच सुरू होत नाहीत ना, याची खात्री करावी. किरणांची संख्याही पुरेशी हवी : शोधकाच्या (सॉफ्टवेअरमधील प्रकाश मोजणाऱ्या पडद्याच्या) एका चौकटीत शंभरच किरण पडले, तर तेथील आकड्यात सुमारे 10 टक्के चढउतार राहतो, आणि तो भिंगाचा दोष समजून आपण नाहक आकार बदलत बसाल.

आयईएस किंवा युलुमडॅट स्वरूपातील फाईल या कामासाठी घेऊ नये. ती पूर्ण दिव्याचे दूरचे वितरण सांगते. खोली किंवा रस्ता उजळण्याच्या गणितात ती योग्य ठरते. आपला दिवा तयार होऊन मोजला गेल्यावर त्याचीही अशी फाईल बनवता येईल.