गाडीचा एसी सिग्नलला गरम, फ्रीवेवर थंड. घरी दुरुस्त होईल का?

बहुतेक होईल. गाडी पळताना एसी थंड लागतोय, म्हणजे लगेच गॅस भरायला धावू नका. संशय आधी पुढच्या पंख्यावर घ्या, पळताना वाराच त्याचं काम करतो. एसी लावा, बॉनेट उघडा आणि लांबूनच बघा: रेडिएटरचा पंखा फिरतोय का? नसेल तर फ्यूज आणि रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) तपासा. हात आत घालू नका, तो कधीही सुरू होतो.

पंखा ठीक असेल तर इंजिन बंद करून कंडेन्सर (रेडिएटरसमोरची एसीची जाळी) धुवा, साध्या पाइपने, हलक्या धारेने. प्रेशर वॉशरने त्याच्या पातळ पत्र्या मुडपतात. माझ्या गाडीतून मेट्रोच्या कामाची धूळ अक्षरशः चिखल होऊन निघाली होती! ग्लोव्हबॉक्समागचा केबिन फिल्टरही काढून बघा, पावसाळ्यानंतर तो कुबट वास मारतो.

गॅसचं काम मात्र घरी नको. एसीतला आर-१३४ए गॅस उणे २६ अंशांना उकळतो, बोटावर उडाला तर थंडीने कातडी जाळतो. आणि गॅस पेट्रोलसारखा 'संपत' नाही, गळतो. एसीच्या पाइपच्या जोडापाशी तेलकट डाग दिसला तर मेकॅनिकला तो दाखवा, आधी लीक काढायला लावा, मगच भरून घ्या.