शालीमार परफ्युम खरंच मुमताजवरून बनवलंय का? आणि ही गेर्लां कंपनी किती जुनी आहे?

तुम्ही लिहिलंय की आत्यांनी दुबईहून शालीमारची बाटली आणली, वर शहाजहान-मुमताजची गोष्ट ऐकवली, आणि उघडली तर जळक्या रबरासारखा वास आला म्हणून सगळ्यावरच शंका आली. वासाचं शेवटी सांगतो. आधी गोष्ट, कारण मी भुसावळचा आहे आणि ही गोष्ट आमच्या तापीच्या काठी येऊन अडकते.

गोष्ट अशी सांगतात की शहाजहानने लाडक्या मुमताजसाठी शालीमार बाग बांधली आणि तिच्यावरून 1925 ला गेर्लांने परफ्युमला नाव दिलं. नाव त्या बागेचंच आहे, त्यात खोटं काही नाही. पण लाहोरची शालीमार बाग शहाजहानने बांधली ती 1641-42 ला, आणि मुमताज गेली 1631 ला, म्हणजे बाग व्हायच्या दहा वर्षं आधी! श्रीनगरची शालीमार जुनी आहे, 1619 च्या सुमाराची, पण ती जहांगीरची, म्हणजे सासऱ्यांची. आणि बाई गेली कुठे तर बऱ्हाणपूरला, चौदाव्या बाळंतपणात, शहाजहान दख्खनच्या मोहिमेवर असताना. आधी तिला तिथेच तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत पुरलं, मग काही महिन्यांनी आग्र्याला नेलं. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या कुठल्याही गाडीत बसा, तासाभरात बऱ्हाणपूर. तिथल्या बागेवरून कोणी परफ्युम काढलं नाही, असो.

आता कंपनी. 1828 ला प्येर-फ्रांस्वा-पास्काल गेर्लां नावाच्या माणसाने पॅरिसमध्ये रिव्होली रस्त्यावर एका हॉटेलच्या तळमजल्यावर दुकान टाकलं, म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडून दहा वर्षं झाली होती. मोठं नशीब उघडलं 1853 ला. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याचं लग्न झालं, नव्या सम्राज्ञीसाठी गेर्लांने एक कोलोन (हलकं सुगंधी पाणी) बनवलं, बाटलीच्या काचेवर 69 मधमाश्या, कारण मधमाशी हे नेपोलियन घराण्याचं चिन्ह. सम्राज्ञी खूश, हा झाला राजघराण्याचा अधिकृत अत्तरवाला. मधमाश्यांची बाटली आजही विकतात, माझ्या मते परफ्युमपेक्षा बाटलीचेच पैसे जास्त घेतात पण ते जाऊ दे.

मला खरी मजा वाटते ती पुढच्या पिढीची (बीएस्सी केमिस्ट्रीचा परिणाम). तोपर्यंत परफ्युम म्हणजे फुलं, मुळं, डिंक आणि प्राण्यांच्या ग्रंथी, यातून जे निघेल ते. मग 1868 ला विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने कूमरिन लॅबमध्ये बनवलं, वाळलेल्या गवताचा गोडसर वास असतो त्याला. 1874 ला जर्मनीत टीमान आणि हारमान या दोघांनी पाइनच्या जातीच्या झाडांत मिळणाऱ्या कोनिफेरिनपासून व्हॅनिलिन बनवलं. म्हणजे जो वास व्हॅनिलाच्या शेंगांतून काढायला रग्गड पैसा लागायचा तो बाटलीत आला. संस्थापकाचा मुलगा एमे गेर्लां याने हे दोन्ही लव्हेंडरबरोबर मिसळून 1889 ला जिकी नावाचं परफ्युम काढलं, आयफेल टॉवर झाला त्याच वर्षी. कूमरिन त्याच्या आधी 1882 ला उबिगां या दुसऱ्या घराण्याने वापरलं होतं त्यामुळे पहिला मान गेर्लांचा नाही, पण जिकी आजही मिळतं. नाव कुठून आलं तर एक जण म्हणतो इंग्लंडमधली जुनी प्रेयसी, दुसरा म्हणतो पुतण्याचं लाडाचं नाव. या घराण्यात प्रत्येक बाटलीमागे एक प्रेमकथा लागतेच!

तो पुतण्या म्हणजे जाक गेर्लां आणि घराण्याचा खरा कलाकार हाच. 1912 ला लर ब्ल, 1919 ला मित्सुको, आणि दोन्हींची बाटली एकच, पत्त्यातल्या बदामासारख्या, पण उलट्या, आकाराच्या बुचाची. मग शालीमार. असं सांगतात की त्याने जिकीमध्ये एथिल व्हॅनिलिन ओतून बघितलं आणि त्यातून हे निघालं. एथिल व्हॅनिलिन साध्या व्हॅनिलिनपेक्षा दोन-चार पट स्ट्रॉंग असतं, त्यामुळे नुसतं ओतून चालत नाही, बाकीचं सगळं त्याच्या तोलाचं करावं लागतं, म्हणून वर भरपूर बर्गमोट (लिंबाच्या जातीचं फळ) आणि खाली धुरकट चामड्यासारखा वास.

विद्या काकाकडून पुतण्याकडे गेली तशी पुढे आजोबांकडून नातवाकडे. नातू जाँ-पोल, याने 1959 ला बावीसाव्या वर्षी व्हेटिव्हर काढलं. व्हेटिव्हर म्हणजे आपला वाळा हो, शब्दसुद्धा तमिळवरून गेलाय. मी पहिल्यांदा लावलं तेव्हा आजीच्या माठातलं पाणीच आठवलं, फक्त माठाशेजारी कोणीतरी तंबाखू मळत बसलंय असं. 1989 ला त्याने संसारा आणलं, चंदन आणि जाई-मोगऱ्याच्या जातीची फुलं. त्यांना पुनर्जन्माचं चक्र वगैरे अभिप्रेत होतं, आमच्या घरी बाटली बघून आई म्हणाली, संसार? म्हणजे याला भांड्यांचा वास येतो का?

1994 ला एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तू बनवणाऱ्या बड्या फ्रेंच कंपनीने गेर्लां विकत घेतली आणि घराण्याची मालकी संपली. जाँ-पोल 2002 ला निवृत्त झाला, 2010 ला फ्रेंच टीव्हीवर कृष्णवर्णीयांबद्दल अत्यंत घाणेरडं बोलला, पॅरिसच्या दुकानासमोर निदर्शनं झाली, 2012 ला कोर्टाने दंडही केला. परफ्युमच्या ग्रुपमध्ये लोक हे सांगायचं टाळतात, मला टाळावंसं वाटत नाही. 2008 ला परफ्युम बनवायला तिएरी वासेर आला, घराण्याबाहेरचा.

आता तुमची बाटली. जळकं रबर म्हणजे लगेच डुप्लिकेट समजू नका. मी एकदा ऑनलाइन स्वस्तात मिळालं म्हणून डुप्लिकेट घेऊन बसलोय, ते उलट पहिल्या सेकंदापासून नुसतं गोड होतं, आइस्क्रीमसारखं, आणि तासाभरात गायब. खऱ्यात सुरुवातीला लिंबाचा आणि धुराचा वास भांडतात, बऱ्याच जणांना तो रबर किंवा डांबरासारखा लागतो. मनगटावर एकच फवारा मारा, घासू नका, वीस मिनिटं हुंगू पण नका. मग बघा. आणि बाटली बाथरूममध्ये ठेवू नका, कपाटात ठेवा.