करार नाकारला तर पुढे काय?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेतील एका प्रादेशिक विमान कंपनीत वैमानिक आहे. वैमानिक संघटना आणि कंपनी यांच्यातील प्रस्तावित वेतन करारात तासाचा दर चांगला वाढतो आहे, तरीही सहकाऱ्यांत मतभेद आहेत. मतदानात करार नाकारल्यास लगेच संप होईल का?

उत्तर : नाही. तिथे विमान कर्मचाऱ्यांना १९२६ चा रेल्वे कामगार कायदा १९३६ पासून लागू आहे. त्यानुसार मुदत उलटली तरी जुना करार चालूच राहतो, आणि राष्ट्रीय मध्यस्थी मंडळाने (अशा वादांत मध्यस्थी करणाऱ्या सरकारी संस्थेने) दोन्ही पक्षांना मध्यस्थीतून मोकळे केल्यानंतर ३० दिवस सरल्याशिवाय संपावर जाता येत नाही. म्हणजे नकाराची खरी किंमत बहुधा जुन्याच पगारावर काढलेले महिने ही असते. आणि शेवटी संप झालाच, तर तोही लांबू शकतो : कोमएअर या प्रादेशिक कंपनीच्या वैमानिकांचा २००१ मधील संप ८९ दिवस चालला होता.

तरीही केवळ तासाच्या दरावर भुलू नये, असे मला मनापासून वाटते. हे तास साधारणतः विमान जागेवरून हलल्यापासून मोजले जातात. दोन उड्डाणांच्या मध्ये गणवेशात, बॅग पायाशी ठेवून विमानतळावर काढलेले चार तास त्यात बहुधा धरलेच जात नाहीत. त्यामुळे दिवसाच्या किमान वेतनाचे आणि राखीव ड्यूटीचे (बोलावणे येईल म्हणून तयार राहण्याचे) कलम मुलाने मतदानापूर्वी शब्दन्‌शब्द वाचावे.