रोजच्या सुट्ट्या पैशांत चुकीची छापली गेलेली किमती नाणी कशी ओळखायची? माझ्याकडे रुपयाचं चिन्ह नसलेलं दहाचं नाणं आहे, ते एरर आहे का?

आधी तुमच्या दहाच्या नाण्याचं बोलतो. ते एरर नाही. रुपयाचं चिन्ह ठरलं 2010 मध्ये आणि नाण्यांवर आलं 2011 पासून. त्याआधीच्या दहाच्या नाण्यांवर ते असणारच नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये सांगितलं होतं की दहाच्या नाण्याचे तोवर 14 नमुने निघालेत आणि सगळे चालतात. तेव्हा त्याची साखर आणा.

माझं किराणा दुकान आहे. रात्री गल्ला मोजताना नाणी उलटीपालटी करून बघायची सवय लागली त्याला आता बरीच वर्षं झाली. एवढ्या वर्षांत खरी म्हणावीत अशी चुकीची नाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मिळाली. फसवी मात्र डबाभर आहेत. कारण बहुतेक लोक नाणं 'वेगळं' दिसतंय का एवढंच बघतात. मी बघतो की हे टांकसाळीच्या यंत्राकडून होऊ शकेल का.

तिथलं काम असं चालतं: पत्र्यातून गोल चकती कापतात, तिची कड थोडी उचलून घेतात, मग ती एका कड्यात बसते आणि वरखाली दोन ठशांमध्ये दाबली जाऊन दोन्ही बाजू एकदमच उमटतात. खरी चूक यातल्याच कुठल्यातरी पायरीवर झालेली असते.

सगळ्यात जास्त गोंधळ फिरलेल्या ठशाचा. नाण्याच्या वर-खाली अंगठा आणि बोट धरा आणि नाणं दार उघडावं तसं बाजूने फिरवा. आपल्याकडे सिंह सरळ असतील तर मागचा आकडाही सरळच दिसायला हवा. तिरका किंवा उलटा दिसला तर ठसा जागेवरून सरकला होता. पण अमेरिकेच्या नाण्यांची रीत नेमकी उलटी आहे, आणि तिकडचे व्हिडिओ बघून माणसं नाणं कॅलेंडरचं पान उलटावं तसं उलटतात. मग घरातलं प्रत्येक नाणं एरर निघतं! माझ्या पुतण्याने असे चाळीसेक रुपये वेगळे काढून ठेवले होते. शिवाय थोडासा तिरपेपणा कितीतरी नाण्यांत असतो, त्याला कुणी विचारत नाही. अर्धा फेरा किंवा त्याच्या जवळपास फिरलेलं असेल तर ठेवा.

संग्राहक ज्याला 'लखी' म्हणतात ते खरं बघण्यासारखं. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं, पुढची चकती आत येते आणि त्या चिकटलेल्या नाण्यावरच दाबली जाते. त्यामुळे एका बाजूला सिंह नेहमीसारखे उठलेले, आणि दुसऱ्या बाजूला तेच सिंह खोल गेलेले, आरशात दिसावेत तसे उलटे. हे मी हातात एकदाच घेतलंय, तेही दुसऱ्याचं. माझ्या गल्ल्यात आलं ते दोन्हीकडे उठलेले सिंह असलेलं रुपयाचं नाणं. दोन दिवस झोप नाही मला. शेवटी शेजारच्या सोनारकाकांनी ते फरशीवर टाकलं, तर खणखणीत आवाजच नाही, बद्द वाजलं. भिंगातून कडेच्या आत बारीक सांधा दिसला. दोन नाणी तासून, एकात एक बसवून केलेलं जादूच्या खेळातलं नाणं ते. काका म्हणाले, "पोरा, कॅरम खेळताना टॉस करायला ठेव."

तेव्हापासून दोन दशांश दाखवणारा वजनकाटा जवळ ठेवतो. 2011 मध्ये आलेल्या मालिकेतलं दहाचं नाणं 7.71 ग्रॅम, रुपया 3.79 आणि दोन रुपये 4.85 ग्रॅम. झिजून थोडं कमी भरतं, पण एका किमतीची छाप दुसऱ्याच किमतीच्या चकतीवर पडली असेल तर काटा लगेच सांगतो.

कड कापलेलं नाणं मिळालं तर कापलेल्या जागेच्या बरोबर समोरची कड बघा. चकतीच अर्धवट कापली गेली असेल तर समोरही कड नीट उठत नाही, फिकी पडते. ग्राइंडरने कापलेल्यात ती ठणठणीत असते. छाप मध्यापासून सरकलेलं, म्हणजे एकीकडे कोरी चंद्रकोर राहिलेलं नाणं सहसा खरंच असतं. त्यात सालही दिसत असेल तर भाव चांगला. माझ्याकडच्या एका रुपयाला पुण्यातल्या एका प्रदर्शनात 400 रुपये देऊ केले होते. मी दिला नाही, हा हट्ट.

सालाखालची खूणही बघून घ्या, कारण यावरून फसवतात. ठिपका म्हणजे नोएडा, चांदणी हैदराबाद, चौकटच्या एक्क्यासारखी खूण मुंबई. काहीच नसेल तर कोलकाता. 'खूण छापायची राहिली' म्हणून विकतात ती कोलकात्याची साधी नाणी.

आणि वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये वगैरे जाहिराती सोडून द्या. जुनी नाणी विकत घेतो म्हणत रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क, कमिशन मागणाऱ्यांबद्दल खुद्द बँकेनेच ऑगस्ट 2021 मध्ये सावध केलं होतं. खरा घेणारा आधी पैसे मागत नाही, नाणं हातात मागतो.

काही सापडलंच तर चिंच, पितांबरी काही लावू नका. चकचकीत केलेलं नाणं संग्राहक बाजूला सारतो. कागदात गुंडाळून ठेवा आणि दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाका. फोटो काढताना नाणं बाजूने फिरवा, कॅलेंडरसारखं नको.