वाचकांचे प्रश्न : खेळ आपला, हात बाहेरचे

पुणे आणि बेंगळुरू मिळून चौदा वर्षं मी व्हिडिओ गेमच्या स्टुडिओंत एकच काम केलं : कामं बाहेर देणं. आतल्या माणसांना पुरं पडत नाही ते, म्हणजे गेममध्ये दिसणाऱ्या खुर्च्या, झाडं, पिंपं, कधी अख्खी गल्ली, दुसऱ्या गावातल्या नाहीतर दुसऱ्या देशातल्या माणसांकडून करून घ्यायचं, तपासायचं आणि निम्मं परत पाठवायचं. आता गोव्यात फर्मागुडीला घरी बसून तीच गंमत उलट्या बाजूने बघते, कारण मी स्वतःच कंत्राटी झाले आहे. या महिन्यात बरीच पत्रं याच विषयावर आली. त्यातली चार घेतली आहेत, प्रत्येक पत्राखाली माझं उत्तर.

मी डिचोलीचा. चित्रकलेची पदवी झाली, मग ब्लेंडर हे त्रिमितीय मॉडेलं करायचं सॉफ्टवेअर शिकलो. एका मध्यस्थाने युरोपातल्या स्टुडिओचं काम आणलंय. आधी चाचणी म्हणून तीन आठवड्यांत सहा वस्तूंची मॉडेलं फुकट करून द्यायची. पास झालो तर वस्तूमागे सहा हजार रुपये. घेऊ का?

सहा वस्तू आणि तीन आठवडे? याला चाचणी म्हणत नाहीत, ही ऑर्डर झाली. चाचणी मीही घ्यायचे. एक वस्तू, दोन दिवस, फार तर तीन. आणि ती वस्तू गेममध्ये वापरता येणार नाही अशीच मुद्दाम निवडायचे, म्हणजे फुकट काम लाटल्याचा संशय कुणाला यायला नको. त्यांना लिहा की एक वस्तू चाचणी म्हणून देतो, पुढच्या पाच ठरल्या दराने. यावर मध्यस्थ चिडला तर पुढे काय वाढून ठेवलंय ते तुम्हाला तीन आठवडे आधीच कळलं.

दराचं बोलू. सहा हजार कशाचे, ते आधी विचारा. समजा होडी करायची आहे. बारीक कोरीव मॉडेल, मग त्याचं हलकं रूप, यूव्ही उलगडणं (पृष्ठभाग कागदासारखा सपाट पसरणं), बेक (कोरीव तपशील हलक्या रूपावर उतरवणं), टेक्स्चर (रंग-पोत चढवणं), लांबून दिसायच्या कमी तपशिलाच्या दोन-तीन आवृत्त्या, टक्कर ओळखायचा साधा सांगाडा, आणि शेवटी हे सगळं एन्जिनमध्ये, म्हणजे गेम ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरमध्ये, बसवून दाखवणं. यातलं कुठवरचं काम सहा हजारांत? चार दिवसांत झालं तर दिवसाला दीड हजार पडले. तेवढ्याच पैशात ‘जरा अजून जुनी वाटू दे’ असं चार वेळा ऐकत नऊ दिवस गेले, तर दिवसाला सातशेही नाहीत. म्हणून दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, तिसरीपासून दिवसाच्या हिशेबाने पैसे, असं लिहून घ्या. आणि दुरुस्ती व बदल यांत फरक करा. तुम्ही वल्हं वाकडं केलंत ती दुरुस्ती. त्यांना आता होडीऐवजी पडाव हवा, तो बदल. बदलाचे पैसे पहिल्या फेरीपासून.

पैसे कोण देणार, मध्यस्थ की स्टुडिओ, हेही बघा. मध्यस्थ भारतातला असेल तर छोट्या उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी करून ठेवा, ऑनलाइन फुकट होते. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असली की सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या (एमएसएमईडी) कायद्याप्रमाणे काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि लेखी मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. नोंदणी काम घेण्याआधीच करा, मागाहून केली की वाद घालतात. परदेशी स्टुडिओला हा कायदा लागू नाही. तिथे आगाऊ तीस टक्के हाच तुमचा कायदा.

आणखी एक. हे काम पुढे स्वतःच्या नमुन्यांत दाखवता येईल का आणि गेमच्या शेवटच्या नामावळीत नाव येईल का, हे सही करण्याआधी विचारा. बाहेरच्या माणसांच्या जागी नुसतं कंपनीचं नाव टाकायची या धंद्यात जुनी खोड आहे. मीही तशा याद्या बनवल्यात, आता लाज वाटते.

आम्ही तिघं मडगावला गेम बनवतोय. दोघं प्रोग्रॅमर, एक डिझायनर. पात्रांची मॉडेलं एका फ्रीलान्सरला दिली होती. अर्धे पैसे घेऊन तो मध्येच थांबला. मूळ फाइली देत नाही, म्हणतो त्या माझ्या आहेत. पैसे तर आम्ही मोजलेत! आणि पुढच्या वेळी काय काळजी घ्यावी?

तुम्हाला राग येईल, पण त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ सांगतं की नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणाराच, वेगळं काही ठरलेलं नसेल तर. फ्रीलान्सर नोकर नसतो. त्याने केलेलं काम मुळात त्याचं. पैसे देऊन काढून घेतलेलं चित्र, फोटो, चित्रपट अशा थोड्या गोष्टींना अपवाद आहे, पण त्रिमितीय मॉडेल आणि कोड यांना तो अपवाद लागेल असं धरून चालू नका. हक्क तुमच्याकडे यायचे तर कलम १९ प्रमाणे त्याच्या सहीचा कागद लागतो. आणि त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर हक्क पाचच वर्षांचे, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते धरले जातात. गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातून जगभर विकणार आणि हक्क देशाच्या वेशीपर्यंत, अशी गत होऊ नये. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द लिहाच.

आत्ताच्या माणसाशी भांडू नका. मॉडेलं बरी असतील तर उरलेल्या पैशांतले काही देऊ करा, आणि बदल्यात मूळ फाइली अधिक हक्कांचा सही केलेला कागद मागा. नवा माणूस शोधून, शिकवून, पहिल्यापासून करून घेण्यापेक्षा स्वस्त पडेल.

पुढच्या वेळचं विचारलंत. त्यासाठी जरा माशेलला चला. तिथे माझ्या मामांची गणपतीची चित्रशाळा होती. जूनमध्ये माती मळायला सुरुवात व्हायची आणि शेजारच्या गावातून दोघंतिघं यायचे, नगावर पैसे. साच्यातून अंग काढणं, जोड बुजवणं, पांढरा हात देणं, सगळं त्यांच्याकडे. ज्या घरचा गणपती त्या घराने आपला पाट आणून दिलेला असायचा. मामा त्या पाटावर खडूने घराचं नाव, उंची, सोंड, उंदीर कुठे, सगळं लिहून ठेवायचे. बाहेरून आलेल्या माणसाला विचारायला मामांपर्यंत जावं लागायचं नाही, पाट वाचला की झालं. डोळे मात्र मामा स्वतः लिहायचे, रात्री, दार ओढून घेऊन. मूर्ती कुणीही घडवो, माणसं त्या नजरेसाठी आमच्याकडे यायची.

तुमच्या गेमचे डोळे कुठले, ते तिघांनी बसून ठरवा. पात्र कसं चालतं, उडी मारल्यावर हाताला कसं जाणवतं, मुख्य पात्राचा चेहरा, हे घरात ठेवा. मागची घरं, माडाची झाडं, मेनूतली चित्रं, भाषांतर बाहेर द्या. तुम्ही नेमकं उलट केलंत, पात्रंच बाहेर दिलीत. तिघांत चित्रकार नाही म्हणून दिलीत हे कळतं. मग निदान एका पात्राचं रूप कागदावर पूर्ण पक्कं झाल्याशिवाय मॉडेल करायला द्यायचं नव्हतं.

आणि तुमचा पाट लिहा. मोजमापापासून सुरुवात करा. मी एकदा साठ लाकडी वस्तू बाहेरून करून घेतल्या. उघडल्या तर सगळ्या खुर्च्या मुंगीला बसता येईल एवढ्या. करणाऱ्याने मीटरमध्ये काम केलेलं, आमचं अनरिअल एन्जिन सेंटिमीटर मोजतं. शंभर पटींचा घोळ, आणि दोष माझा, कारण मी कुठेच लिहिलं नव्हतं. आकार नीट केला तेव्हा दिसलं की लाकडावरच्या खाचा फुगवट्यांसारख्या वर आल्यात. नॉर्मल मॅप म्हणजे खाचा-उंचवट्यांचा भास देणारं चित्र; त्याचा हिरवा चॅनेल अनरिअलमध्ये एका बाजूचा आणि युनिटी या दुसऱ्या एन्जिनमध्ये उलटा असतो, तेही लिहायचं राहिलं होतं. दोन ओळींनी आमचा आठवडा खाल्ला. तेव्हा एन्जिन कोणतं आणि कितवी आवृत्ती, एकक, वरची दिशा कोणत्या अक्षाची, मॉडेलमधल्या त्रिकोणांची मर्यादा, टेक्स्चरचा आकार, फाइलींची नावं कशी ठेवायची, आणि सगळं बरोबर असलेला एक पूर्ण नमुना द्या. त्या नमुन्याला वीस पानांच्या सूचनांपेक्षा जास्त किंमत आहे.

पहिल्यांदा साठ नव्हे, दोनच वस्तू द्या. त्या एन्जिनमध्ये बसल्या की दहा. मूळ फाइली शेवटी मागू नका. दर हप्त्याला त्या तुमच्या साठवणीत आल्या की मगच त्या हप्त्याचे पैसे. असं असतं तर हा माणूस सोडून गेला तरी तुमचं अर्धं काम तुमच्याकडे राहिलं असतं.

एक गोष्ट कोणीच हिशेबात धरत नाही : बाहेरच्या माणसाच्या प्रश्नांना उत्तरं देणारा आतला माणूस. चार फ्रीलान्सर नेमलेत तर तुमच्या डिझायनरचा रोज दोन-तीन तासांचा वेळ गेला म्हणून समजा. माझ्या चौदा वर्षांत बाहेरची कामं बिघडली ती बहुतेक हाताच्या दोषाने नव्हे. तिकडचा मुलगा मंगळवारी विचारायचा, आम्ही शुक्रवारी उत्तर द्यायचो, तोवर त्याने आपल्या समजुतीने पुढे रेटलेलं असायचं. तुमच्याकडे उत्तर द्यायला माणूस नसेल तर बाहेर काम देऊच नका. गेम छोटा करा.

मुलगा पुण्याला गेम तपासायचं काम करतो, अकरा महिन्यांचं कंत्राट आहे. दिवसभर खेळायचा पगार मिळतो यावर आमच्या यजमानांचा विश्वास बसत नाही. ही नोकरी म्हणायची का? लग्नाची बोलणी चालू आहेत, म्हणून विचारते. (फोंडा)

वहिनी, यजमानांना सांगा की तो खेळत नाही. एकच दार दोनशे वेळा उघडून बंद करतो. हातातला कंट्रोलर मध्येच निखळला तर गेम थांबतो का, हे बघतो. सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो यांच्या अशा नियमांच्या लांबलचक याद्या असतात आणि त्या पार केल्याशिवाय त्यांच्या यंत्रावर गेम येतच नाही. याला धंदा म्हणतात, आणि तो जुना आहे. आयर्लंडमधली कीवर्ड्‌स नावाची कंपनी १९९८ पासून आहे, ती असलीच कामं इतरांसाठी करून मोठी झाली. आपल्याकडे बेंगळुरूत ध्रुव इंटरॅक्टिव्ह १९९७ साली सुरू झाली, परदेशी गेमची चित्रकामं करत वाढली आणि २०१९ मध्ये रॉकस्टार या गेम कंपनीने विकत घेतली.

पण तुमची शंका खेळापेक्षा अकरा महिन्यांची असणार, आणि ती रास्त आहे. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टवर तिथल्याच कंत्राटी माणसांनी दावा केला होता की आम्ही वर्षानुवर्षं नोकरांसारखंच काम करतो, मग लाभ का नाहीत? २००० साली तो ९ कोटी ७० लाख डॉलरवर मिटला. त्या दाव्यापायी कंत्राटी माणसाला ठरावीक महिन्यांनी सक्तीने बाहेर बसवायची पद्धत तिथे आली. माणूस काम शिकून तरबेज होतो आणि नेमका तेव्हाच त्याला घरी पाठवतात. पुढच्याला सगळं नव्याने शिकवायचं. गेमचंही नुकसान, माणसाचंही.

मुलाकडे पगाराची चिठ्ठी मागा. त्यावर भविष्य निर्वाह निधीची कपात आणि त्या निधीच्या खात्याचा यूएएन क्रमांक असेल तर तो पुरवठादार कंपनीचा का होईना, नोकर आहे. त्याऐवजी फी म्हणून रक्कम येत असेल आणि नुसता टीडीएस कापला जात असेल, तर कागदोपत्री तो स्वतंत्र व्यावसायिक. तेव्हा आरोग्य विमा आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला, हे त्यालाच बघावं लागेल. मुलीकडच्यांना मात्र दोन्हींपैकी काय आहे ते खरं सांगा. अकरा महिने लपत नाहीत.

पर्वरीहून मॉन्ट्रियलच्या स्टुडिओसाठी ॲनिमेशन करते. त्यांचे कॉल रात्री अकराला. पावसाळ्यात वीज जाते, फाइली चढत नाहीत. हे असंच चालायचं का?

अकराचा कॉल तुम्ही मान्य केलात म्हणून आहे. उन्हाळ्यात मॉन्ट्रियल आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. त्यांच्या सकाळी नऊला आपले साडेसहा किंवा साडेसात वाजतात. दिवसातली पहिली बैठक तुमच्याशी ठेवा म्हणून सांगा, त्यांना काहीच अडत नाही. घड्याळं त्यांची बदलतात, मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये. त्या आठवड्यांत वेळ दोनदा विचारा. मी एकदा तासभर रिकाम्या पडद्याकडे बघत बसले होते.

विजेसाठी इन्व्हर्टर, आणि दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट, त्यातलं एक मोबाइलवरचं. याचा खर्च दरात धरा. मोठ्या फाइली शेवटच्या रात्री चढवू नका, रोजच्या रोज थोड्या चढवा. कंत्राटात सुपूर्द करायची तारीख जुलैतली असेल तर दोन दिवस जास्तीचे मागून ठेवा. मागितले तर देतात, ऐनवेळी घेतले तर कापतात.

आणि चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, सुट्टी एप्रिलमध्येच त्यांच्या कॅलेंडरवर टाका. गणपतीच्या वर आपण फळाफुलांची माटोळी टांगतो, तिच्यासाठी मी पहिल्या वर्षी नुसतं ‘माटोळी बांधायची आहे, दोन दिवस नाही’ असं लिहिलं. पलीकडच्या प्रोड्युसरने तत्परतेने विचारलं, माटोळी कुठल्या एन्जिनवर चालते?